डोहाळ्यांची करवंदं

वैशाख लागला की मला घरात बसवत नाही. सून म्हणते, "आई, बसा की जरा, किती येरझाऱ्या घालाल?" मी बसते आणि लगेच उठते. पंख्याखाली उकडतं, गॅलरीत ऊन लागतं, तांब्याभर पाणी प्यायलं तरी घसा कोरडाच. बरं, दुखतंय म्हणावं तर दुखत काहीच नाही. नागापूरच्या एमआयडीसीत माझा थोरला फिटर आहे, त्याचं दोन खोल्यांचं घर आहे, नळाला पाणी आहे, डब्यात तांदूळ आहे. तरी करवंदांचे दिवस आले की जिवाची घालमेल सुरू होते. ती मृग बरसेपर्यंत थांबत नाही.

परवा कारखाने सुटायच्या वेळेला रस्त्याच्या कडेला करवंदंवाली बसली होती. आमच्या डोंगराकडचीच असणार, बसण्यावरून ओळखलं मी. फक्त पाटीऐवजी प्लास्टिकचा टब होता आणि द्रोणाऐवजी पिशव्या. कामावरून सुटलेल्या दोघी पोरी थांबल्या. त्यातली एक दुसरीकडे डोळा मारून म्हणाली, "मावशी, हिला डोहाळे लागलेत, घाला की मूठभर जास्त." करवंदंवालीनं मान वर केली नाही. "डोहाळं घरी. हितं पैसे." पोरी हसल्या, मीही हसले. मनात म्हटलं, शाब्बास गं बाई, शिकलीस. मला बरं वाटलं, आणि मग घरी आल्यावर काही केल्या बरं वाटेना.

बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगते तो त्याच्या पुढचा उन्हाळा. अकोले तालुक्यात राजूरच्या वरच्या अंगाला आमची महादेव कोळ्यांची वाडी. मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन वर्ष झालेलं, आणि पोटात हा थोरला. नवरा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता, तो तिकडेच राहायचा. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्यांचं नाव बुधाबाई.

घरात खायला काय होतं ते विचारू नका. पण माळ्यावर एक लहान कणगी होती. तिच्यात भाताचं बियाणं. कणगीचं तोंड आत्याबाईंनी शेणानं लिंपून बंद केलं होतं आणि लिंपण ओलं असताना त्यावर स्वतःचा पंजा उमटवला होता. आमच्या वाडीत बियाणं असंच ठेवायचे. कुलूप नाही, किल्ली नाही. हात मोडला की कळतं, कणगी कुणी फोडली. त्या वर्षी वाडीतल्या बऱ्याच घरांतले हात एकेक करून मोडले. बी शिजवून खाल्लं की पुढचं वर्षही गेलं, हे कळत सगळ्यांना होतं, पण पोटाला कोण समजावणार? आमचा हात तेवढा शाबूत होता. मी चुलीपाशी बसले की नजर आपोआप माळ्याकडे जायची. पाच बोटं, त्यातली करंगळी जरा वाकडी. उपाशी माणसाला ती बोटं हलल्यासारखी दिसतात, खोटं नाही सांगत.

तो हात शाबूत राहायचा तर दुसरीकडून धान्य यायला हवं होतं. ते येणार कशातून? करवंदांतून!

करवंदीला दुष्काळाचं काही वाटत नाही. भात जळलं, नागली जळली, विहिरीच्या तळाला बेडूक मेले, आणि इकडे जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या. लहानपणी आम्ही करवंद दाताखाली फोडून बघायचो, आत लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी. त्या उन्हाळ्यात असले खेळ कुणाला सुचणार? दुपार कलली की जाळीत शिरायचं, काट्यांनी कोपरापर्यंत हात फाटायचे, चिकानं बोटं एकमेकांना चिकटायची. ती रॉकेलनं पुसावी तर रॉकेल कुठलं, मग राखेनं घासायची. आणि पोट सांभाळून वाकायचं म्हणजे एक कसरतच. आत्याबाई ओरडायच्या, "हौसे, आत शिरू नकोस, भाईरचं तोड!" बाहेरचं तोडून पाटी भरते होय? मी शिरायचीच.

तोडायचे कष्ट वेगळे आणि विकायचे वेगळे. करवंद म्हणजे काही हिरडा नाही, की वाळवून पोत्यात भरला आणि सवडीनं नेला. आज तोडलं ते उद्या दुपारपर्यंत खपलं तर खपलं. त्यानंतर ते फुगतं, आंबतं, माशा घोंघावतात. राजूरच्या बाजारात न्यावं तर तिथं जी ती बाई करवंदंच घेऊन बसलेली. घेणार कोण? आमच्याच माणसांनी आमच्याच माणसांना काय विकायचं? तेव्हा आत्याबाईंनी ठरवलं, श्रीरामपूर. "आपल्या डोंगराचं पानी धरनातनं कालव्यानं तकडंच जातंय न्हवं? मंग आपुनबी जाऊ की पान्यामागं." बागायती भाग, ऊस, साखर कारखाने, दुष्काळातसुद्धा बाजारात ज्वारीची पोती उभी. पैसे देणाऱ्या बायकांपेक्षा ज्वारी घालणाऱ्या बायका आम्हाला जास्त हव्या होत्या. एक द्रोण करवंदं घ्या, ओंजळभर ज्वारी द्या, साधा सौदा.

पण जायचं म्हणजे काय होतं! तांबडं फुटायच्या आत पाट्या डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा. खाली नाक्यावर एक गडी बसलेला असायचा, तो प्रत्येक पाटीत हात घालून मूठ काढायचा. कसला नाका, कुणाचा गडी, आम्हाला कधी कळलं नाही, आणि विचारायची छाती नव्हती. मग एस.टी. कंडक्टर म्हणायचा, "ए मावशी, पाट्या टपावर. सीटं डागाळतील." टपावर ऊन रणरणतं. संगमनेर येईपर्यंत खिडकीच्या काचेवरून काळपट लाल ओघळ खाली यायला लागायचे. मी आतून त्या ओघळांकडे बघत बसायची. एकेक ओघळ म्हणजे चिरडलेली करवंदं, म्हणजे तेवढी ज्वारी कमी. गाडी कुठं थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, की माझे पाय आपोआप हलायला लागायचे. "उतर की रं बाबा लवकर, नव्हं, चढ की रं लवकर!" आत्याबाई मात्र पदर डोक्यावरून घेऊन डोळे मिटून गप्प बसायच्या. त्यांच्या त्या शांतपणाचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू!

बाजारात आम्हाला जागा मिळाली ती मार्थाबाईंच्या ओट्याखाली. मार्थाबाई ख्रिस्ती, विधवा, दारात मशीन टाकून शिवणकाम करायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं पोट बघितलं, आतून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "बुधाबाई, हिला सावलीत बसव. आन माज्या दारात बसलीस तर कुनी उठवनार न्हाई तुला." तशी सावली पुढं कुठल्याच बाजारात मिळाली नाही मला.

पहिल्या बाजाराला सगळं छान चाललं होतं. आणि मग एक अवघडलेली बाई आली. भाव विचारला, आवंढा गिळला आणि निघाली. आत्याबाईंनी तिला हाक मारून परत बोलावलं, द्रोण शिगोशीग भरून हातात दिला. ती पदराची गाठ सोडायला लागली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाय. पोटुशीला रानचं फळ इकत न्हाई आमी. डोहाळ्याचं मागनं रिकामं जाऊ दिलं, तर फुडल्या साली जाळी धरत न्हाई."

आमच्या वाडीतला हा नियमच होता. पोटुशी बाई तोंडानं जे मागेल, ते जवळ असलं तर तिला नाही म्हणायचं नाही. मग ते रानातलं असो, घरातलं असो. वाडीत याचा कुणाला त्रास नव्हता, कारण वाडीत कोण पोटुशी हे कुत्र्यामांजरालासुद्धा ठाऊक. खोटं बोलणार कशी? पण श्रीरामपूरच्या बाजारात कोण कुणाला ओळखतं? आणि आत्याबाई बोलल्या त्या चांगल्या खणखणीत आवाजात बोलल्या. आजूबाजूच्या दहा जणींनी ऐकलं.

पुढच्या बाजाराला काय विचारता! निम्म्या श्रीरामपूरला दिवस गेलेले. लाल पिशवीवाली आली, "मावशी, मला तिसरा हो." चष्मेवाली आली, "माझ्या जावेला हवीत, ती येऊ शकत नाही." एक तर अशी आली की डोक्यावर एक काळा केस नव्हता. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मलाबी." आत्याबाईंनी तिलाही द्रोण भरून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आत्याबाई, अवो तिची नातवंडं लग्नाची झाली असतील!"

"आसंल. तीबी कवातरी पोटुशी व्हती की. तवा कुनी दिलं नसंल तिला."

"खोटं बोलतात या सगळ्या!"

"पोटावर हात ठिवून बाई खोटं का बोलंल? आन बोलली, तर तिचं तिच्यापाशी. जाळीला काय ठाव कोन खरी आन कोन खोटी? जाळीला यवढंच ठाव, बुधा न्हाई म्हनाली."

मार्थाबाई मशीन थांबवून ओरडायच्या, "बुधाबाई, लबाड हैत या! फुकट ते पौष्टिक म्हनून खात्यात!" आत्याबाई हसायच्या. आणि आम्ही परत जाताना झोळीत ज्वारी इतकी थोडी असायची की घरी गेल्यावर आत्याबाई ती पातळ आंबील करून पुरवून पुरवून वापरायच्या. बहुतेक माझ्या ताटात. त्यांना विचारलं की म्हणायच्या, "म्या बाजारात खाल्लंय."

परवा नागापुरात मला चैन पडेना म्हणून मी पुन्हा खाली उतरले. करवंदंवाली टब आवरत होती. उरलीसुरली विकत घेतली आणि विचारलं, "बाय, खरंच पोटुशी आली तर देत नाहीस का गं?" तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमी वरच्या काय?" मी हो म्हटलं. मग ती हळूच म्हणाली, "खरी आली तर देती की. पर खरी मागत न्हाई, आजी. खरी नुसती बघती." मी पिशवी घेऊन जिना चढले आणि मधल्या पायरीवर थांबले. मला पुढं जाता येईना आणि मागंही.

मीसुद्धा मागत नव्हते ना! त्या उन्हाळ्यात माझ्या तोंडाला एकच गोष्ट सुटली होती. भात. गरम, वाफ निघणारा, वर नुसतं मीठ. स्वप्नात यायचा. जाळीत शिरले की त्या काळ्या करवंदांच्या जागी पांढरी शितं दिसायची. पण घरात मी तोंडाला कुलूप लावलं होतं. कारण मला ठाऊक होतं, मी एकदा जरी "भात" म्हटलं, तरी आत्याबाई माळ्यावर चढतील. कणगीवरचा तो हात आत्याबाई राखत होत्या असं वाडीला वाटायचं. खरं तर मी राखत होते. आत्याबाई कधी विचारायच्या, "पोरी, तोंडाला काय सुटतंय? सांग की." मी म्हणायची, "काही नाही, आत्याबाई. मला कसले आलेत डोहाळे?"

शेवटचा बाजार आला. पाऊस तोंडावर होता, आभाळ भरून यायचं आणि निघून जायचं. जाळ्या सरत आल्या होत्या. ही पाटी ज्वारीत बदलली तर पेरणीपर्यंत रेटता आलं असतं, एवढं साधं गणित. मी त्या दिवशी पाटीच्या मागं बसले होते आणि बसल्या जागी चुळबुळत होते. पोरगं आत लाथा मारत होतं, त्यालाही काही सुचत नसावं. लाल पिशवीवाली आली, घेऊन गेली. चष्मेवाली तिच्या जावेसाठी घेऊन गेली. मग त्यांच्या ओळखीच्या आल्या. ऊन डोक्यावर यायच्या आत पाटीचा तळ दिसायला लागला, आणि झोळीत ज्वारी होती ती एका हातात मावेल एवढी. लाल पिशवीवाली पुन्हा आली. पुन्हा! म्हणाली, "मावशी, मघाची गोड होती हो. अजून एक द्याल?" आत्याबाईंनी तळाची करवंदं गोळा करून द्रोणात घातली.

मी उठले. कशी उठले मला ठाऊक नाही, कारण त्या दिवसांत मला उठताना भिंत धरावी लागायची. पदर बाजूला सारला, पोट सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिले आणि बाजाराच्या तोंडावर ओरडले.

"ऐका गं बायांनो! मलापण डोहाळे लागलेत! भाताचे लागलेत! पांढरा, गरम भात पाहिजे मला! कोण देतं? आमच्या म्हातारीनं तुम्हाला द्रोण भरभरून घातले, आता तुमच्यातली कोण देते? या की पुढं!"

मार्थाबाईंचं मशीन थांबलं. बायका बघत राहिल्या. मग चष्मेवाली हसली, "अगं बाई, भाताचे कुठं डोहाळे असतात का? चिंच माग, कैरी माग." आणि सगळ्या हसल्या. वाईट नव्हतं हसू त्यांचं, खरं सांगायचं तर. त्यांना ती गंमतच वाटली असेल. घरी भात असलेल्याला भाताचे डोहाळे कसे कळणार? हसत हसत पांगल्या त्या. लाल पिशवीवालीनं द्रोण तेवढा पिशवीत नीट ठेवला. मार्थाबाई आत गेल्या आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची एक भाकरी फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. "भात न्हाई गं माज्याकडं, लेकी. यवढीच हाय." त्यांच्या स्वतःच्या दुपारची असणार ती. मी घेतली आणि मग बसून रडले.

आत्याबाईंनी आवरायला घेतलं. पाट्या एकात एक घातल्या, झोळी खांद्याला लावली. गाडीत त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत होत्या, सगळ्या वाटेनं. मी म्हटलं, "रागावलात का?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. रिकाम्या पाट्या कंडक्टरनं आत ठेवू दिल्या.

डोंगर चढून घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आत्याबाईंनी पाय धुतले आणि शिडी लावली. मी म्हटलं, "आत्याबाई, काय करताय?" त्या वर चढल्या. मला आवाज ऐकू आला, वाळलेलं शेण तडकल्याचा.

"आत्याबाई, नका! मी त्यांना बोलले, तुम्हाला नाही!"

"पोटुशी बाईनं मागितलं. कुनालाबी का मागंना. म्या ऐकलं."

"ते खोटं होतं, आत्याबाई. त्यांना लाजवायला बोलले मी. खोटं होतं ते!"

सुपात भात घेऊन त्या खाली उतरल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आसं व्हय? मंग खरं काय हाय ते सांग. माज्याकडं बघून सांग."

तोंडाला पाणी सुटलं होतं, ते गिळायलाच मला वेळ पुरेना.

त्या उखळापाशी बसल्या. वाडीत कित्येक महिन्यांत कुणी भात कांडलं नव्हतं. मुसळाचा पहिला ठोका पडला आणि आजूबाजूच्या घरांतली बोलणी थांबली. त्या आवाजाचा अर्थ काय, हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. कुणी बाहेर आलं नाही, कुणी विचारलं नाही. ठोके पडत राहिले, मी दारात उभी, मग आत, मग पुन्हा दारात. नंतर शिजायचा वास आला आणि मी चुलीपाशी येऊन बसले ती हललेच नाही. आत्याबाईंनी ताटात भात वाढला, वर मीठ ठेवलं. पुष्कळ जण सांगतात, अशा वेळी घास घशाखाली उतरत नाही. माझा उतरला. गोड लागला, इतका गोड की मी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं. चूकबीक म्हणणार नाही मी त्याला. भूक होती ती. आत्याबाईंनी पुन्हा वाढलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

मृग बरसला. आत्याबाईंनी उन्हाळ्यात भाजून ठेवलेल्या रोपाच्या वाफ्यात चिखल केला आणि राहिलेलं बी फेकलं. ते पुरलं नाही. वाफ्याचा वरच्या अंगाचा एक तुकडा काळाच राहिला. चार दिवसांनी बाकीचा वाफा हिरवा झाला तेव्हा तर तो मोकळा तुकडा फारच डोळ्यांत यायचा. बांधावरून जाणारं-येणारं माणूस थांबायचं. मी मान खाली घालायची. मोठ्या आळीतली एक बाई मुद्दाम थांबली आणि म्हणाली, "बुधाबाई, हितं न्हाई का गं बी टाकलं?"

आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. चिखलाचं बोट माझ्या पोटाकडे केलं.

"टाकलंय की. तितलं हितं टाकलंय."